औषधवाल्या काकांची मान सरळ झाली तेव्हा

औषधाच्या दुकानातले काका म्हणजे सगळ्या गल्लीचं मन मोकळं करायचं ठिकाण. काउंटरवर कोणी आलं की काकांची मान डावीकडे कलायची, डोळे बारीक व्हायचे आणि समोरच्याला वाटायचं, काय आपुलकीनं ऐकतोय हा माणूस. मग डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेला सुनेचं गाऱ्हाणं, भावाचं भांडण, सगळं ओतूनच जायचा. तीस वर्षं हे कौतुक काकांना फुकटात मिळत होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते फार आवडायचं.

खरं कारण भलतंच होतं. मान कलवली की काकांना जरा बरं दिसायचं, बस्स. सरळ पाहिलं की अक्षरांना सावल्या फुटायच्या, तीनाचा आठ व्हायचा. अखेर एकदा त्यांनी निवृत्त मास्तरीणबाईंना खोकल्याच्या गोळ्यांऐवजी पायाच्या कुरुपाच्या पट्ट्या दिल्या. बाईंनी चघळण्याआधी पाकीट वाचलं, हे नशीब.

काका मुकाट्यानं डोळे तपासायला गेले. चष्म्याच्या दुकानातली पोरगी म्हणाली, "काका, बुबुळावरचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा गोल हवा. तुमचा अंड्यासारखा आहे, एकीकडे जास्त वळलेला. म्हणून प्रकाश एका जागी जुळत नाही. याला अस्टिग्मॅटिझम म्हणतात."

"अंडं? कधीपासून?"

"बहुतेक लहानपणापासूनच."

मग तिनं उपाय सांगितले. सिलिंडरचा, म्हणजे हा वाकडेपणा भरून काढणारा, नंबर घातलेला चष्मा, नाहीतर डोळ्यात फिरू नये अशी खास घडवलेली लेन्स, किंवा डॉक्टर हो म्हणाले तर लेझरनं त्या पडद्याचा आकारच बदलायचा.

"म्हणजे डोळ्याला रंधा मारायचा?" असं म्हणून काकांनी चष्म्यावरच भागवलं.

पहिले चार दिवस जमीन उतरती दिसायची. सपाट रस्त्यावर काका डोंगर उतरल्यासारखे पाय टाकत होते. सवय होईल, असं पोरीनं बजावलं होतं. सवय झाली, आणि मानही ताठ झाली.

झालं, गल्लीत कुजबुज सुरू. चष्मा काय लागला, माणसाला शिंगं फुटली. लोक गोळ्या घेऊन चालते होऊ लागले. मास्तरीणबाई तर तोंडावर म्हणाल्या, "तुम्ही हल्ली पेपर तपासल्यासारखे बघता." काकांनी मुद्दाम मान कलवून पाहिली, तर चष्मा घसरून थेट ओठांवर आला. दुकानात दिवसभर बोलायला कोणी नाही, हे त्यांना फार लागलं.

"लोकांना वाटतंय, मी त्यांचं ऐकत नाही," कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोला त्यांनी सांगितलं.

"ऐकत कधी होतात?"

"म्हणजे, तुला माहीत होतं?"

"तीस वर्षं एका घरात राहतेय. पण ऐकल्यासारखं दिसायचं तरी. मी त्यावरच भागवत होते."

काकांनी खुर्ची तिच्यासमोर ओढली. "बरं, आता सांग. काय सांगायचं होतं?"

"मला पोहायला शिकायचंय."

"हे कधी ठरवलंस?"

"दोन वर्षं झाली. दर शनिवारी सांगते. तुम्ही म्हणता, बघू."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा चेहरा आता स्वच्छ दिसत होता. त्यावर राग नव्हता, नुसता कंटाळा होता, आणि तोच त्यांना जास्त झोंबला.

शनिवारी दोघं तलावावर गेले आणि तिचं नाव घातलं. तिथल्या माणसानं विचारलं, "काका, तुमचंही लिहू?" काका दोन पावलं मागे सरकले.

परत येताना त्यांनी बायकोला सांगितलं, की लहानपणी ते विहिरीत बुडता बुडता वाचले होते आणि अजून खोल पाण्याजवळ जायची त्यांना भीती वाटते. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती रस्त्याच्या कडेला थांबली, हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्यांचं सगळं बोलणं संपेपर्यंत हलली नाही.