न्झुरीनंतरचा शब्द

दार-ए-सलामच्या कारखान्यात गेलेल्या महेंद्रचा दर रविवारी फोन यायचा. यंदा दिवाळीनंतर तो बंद झाला. मोरिवलीच्या कारखान्यातल्या त्याच्या जुन्या सोबत्यांकडून एवढंच कळलं, की तिकडे मशीनमध्ये कुणी कामगार सापडलाय. कोण, ते कुणी सांगेना. त्याच्या बायकोजवळ, संध्याजवळ, उरला तो त्याच्या तिकडच्या घरमालकिणीचा नंबर. आणि त्या म्हातारीला स्वाहिलीखेरीज काही येत नव्हतं.

कात्रपच्या एसटीडी बूथवरून संध्या फोन लावी. "महेंद्र? महेंद्र कहाँ?" म्हातारी काहीतरी पुटपुटे आणि फोन ठेवून देई.

"ठेवणारच!" ईश्वरीबाई म्हणाल्या. उल्हासनगरच्या या सिंधी बाईंचं अर्धं आयुष्य मोम्बासात, स्वाहिली बोलण्यात गेलेलं. संध्याची सासू सरस्वती त्यांच्याकडे पापड लाटायला जायची; आज तिने संध्यालाही नेलं होतं. "दार उघडलं की सीधी आत घुसतेस काय, छोकरी? पहले राम-राम, मग काम."

वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं. मग 'हबारी', म्हणजे खुशाली, एकेकाची विचारायची.

"आणि जवाब नेहमी 'न्झुरी', चांगलं. घरात मयत असली तरी आधी न्झुरी."

"मग खरं कळायचं कसं?"

"थांबायचं. बुरी खबर असली तर मागून 'लाकिनी' येतो. आपलं लेकिनच समज. नाही आला, तर सब चंगा."

फोनवर त्यांना स्वतःला ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी संध्याकडून दवाखाना, हात, पाय, डोकं असे शब्द घोकून घेतले. शेवटी अडखळत म्हणाल्या, "मेला, याचा शब्द..."

"तो नको," सरस्वतीचं लाटणं थांबलं.

"शिकवा," संध्या म्हणाली. "नाहीतर तो आला तरी न कळताच न्झुरी म्हणून फोन ठेवायची मी."

'अमेकुफा.' घरी येईपर्यंत तो शब्द तिच्या जिभेला चिकटून राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघी सासू-सुना बूथवर गेल्या.

"शिकामू."

"मारहबा!" म्हातारीचा आवाज एकदम मऊ झाला. संध्याने तिची खुशाली विचारली, मुलांची विचारली, घराची विचारली. मीटर पळत होता. सरस्वतीने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"हबारी झा महेंद्र?"

"न्झुरी."

तारेत नुसती खरखर. शिकवल्याप्रमाणे संध्या थांबली.

"लाकिनी..."

पुढे शब्दांचा लोंढाच आला. काउंटरची कड घट्ट धरून संध्या त्यात एकच शब्द शोधत होती. तो आला नाही. 'हॉस्पिटाली' आला. 'म्गू' आला, पुन्हा आला.

"पाय, आई! पायाला लागलंय. दवाखान्यात आहेत."

"जिवंत आहे ना गं?"

"आहेत. तो शब्द नाही आला."

सरस्वतीने तोंडाशी धरलेला पदर सोडला. तिकडे म्हातारीने रीतीप्रमाणे विचारलं, "हबारी झा न्युम्बानी?" घरचं कसं काय?

संध्याने सासूकडे बघितलं.

"न्झुरी," ती म्हणाली.

म्हातारीने फोन ठेवला नाही. पुढचा शब्द येतो का, याची ती वाट बघत होती.