एकात एक मोजे

“असेलही. पण कशावरून?”

हे वाक्य म्हणताना आत्या चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली ओढत आणि समोरच्या माणसाकडे काचांच्या वरून पाहत. चष्मा त्यांना विणकामापुरता लागत असावा. माणसे त्या उघड्या डोळ्यांनीच तपासत.

त्या नेमक्या कोणाच्या आत्या, हा प्रश्न आमच्या इमारतीत कोणी विचारत नसे. इंदूरचा भाचा त्यांना आत्या म्हणे, म्हणून ग्वाल्हेरच्या दौलतगंजातली आमची सगळी गल्लीच म्हणू लागली. आमच्या खालच्या मजल्यावर त्या भाड्याने एकट्या राहत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केले नव्हते, आणि त्याचे कारण त्या मोकळेपणाने सांगत. “स्थळ उत्तम आहे, असं सगळे सांगत होते. सगळेच एका सुरात सांगून राहिले, तेव्हाच मला शंका आली.”

अशी माणसे आपणही पाहिली असतील. भाजीवाल्याचा तराजू उलटा करून पाहणारी, टेम्पोत बसण्याआधी तो महाराज बाड्यालाच जातो ना, हे चालकाला आणि मग उतारूंनाही विचारणारी. आत्या त्यांच्या पुढच्या होत्या. दूधवाल्याला त्या आधी त्याच्याच दुधाचा एक घोट प्यायला लावत. तो बिचारा दारात उभा राहून पिई आणि म्हणे, “बुआजी, घर पे तो मैं चाय भी काली पीता हूँ. सब आपके यहाँ हो जाता है.” यावर आत्या मला म्हणत, “बघ, स्वतःच्या घरी पीत नाही. का पीत नसेल?”

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती भांडणातून. इंदरगंजातल्या एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत मी गुणवत्तेचे काम पाहते. अहवाल बाहेर जाण्यापूर्वी तो शंकास्पद वाटला तर अडवणे, हे माझे काम. एके सकाळी आत्या दोन अहवाल घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आल्या. एकाच दिवशी त्यांनी आमच्याकडे रक्त दिले होते आणि समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेतही.

“एक बाई, एक रक्त, दोन आकडे. यातली मी कोणती?”

दोन यंत्रांच्या मोजणीत थोडा फरक पडतोच आणि तो मान्य मर्यादेत आहे, हे मी त्यांना समजावले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे चूक आहे. फक्त तुम्ही तिला घरात घेतलीय.”

मला राग आला आणि नंतर बराच वेळ हसूही येत राहिले. पुराव्याशिवाय एक पाऊल न टाकणारे दुसरे माणूस मला ग्वाल्हेरात तोवर भेटले नव्हते. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेले. त्यांनी माझ्या कपात चहा ओतला आणि मी पहिला घोट घेईपर्यंत स्वतःच्या कपाला हात लावला नाही.

मोजे मी तेव्हाच पाहिले.

आत्या दोन मोजे एकाच वेळी विणत, आणि तेही एकात एक. सुयांवर टाके एकाआड एक असत: एक बाहेरच्या मोज्याचा, पुढचा आतल्याचा, मग पुन्हा बाहेरचा. लोकरीचे गुंडे दोन, रंग मात्र एकच. बाहेरचा टाका एका गुंड्याने सुलट, आतला दुसऱ्या गुंड्याने उलट. पंज्यापासून सुरुवात करायची, टाच वळवायची आणि वर काठापर्यंत जायचे. सगळे नीट झाले, तर शेवटी आतला मोजा बाहेरच्यातून अलगद ओढून काढता येतो. पण वाटेत एकदा जरी एका मोज्याची लोकर दुसऱ्याच्या टाक्यात गेली, तरी दोन्ही मोजे त्या जागी एकमेकांना जोडले जातात. मग ते कोणाच्याही पायात जात नाहीत.

“सरळ एकेक का नाही विणत?” मी विचारले.

“एक झाला आणि दुसऱ्याच्या आधी माणूसच गेलं, तर? उरलेल्या एका मोज्याचं काय करायचं? दुसरा होईलच, याचा भरवसा काय?”

मला मात्र यात हातचलाखीचा वास येत होता. या बाई एकेक मोजा गुपचूप विणत असतील, एक दुसऱ्यात सरकवत असतील आणि आम्हाला चमत्कार म्हणून दाखवत असतील, असा माझा कयास होता. तो मी त्यांना स्पष्ट सांगितला. आत्यांचा चेहरा उजळला. एवढ्या आनंदाने संशय स्वीकारणारे माणूस मी पुन्हा पाहिलेले नाही. “शाब्बास! मग बस इथं आणि बघ.”

तो अख्खा हिवाळा मी सुटीच्या दिवशी गच्चीवरच्या उन्हात त्यांच्यासमोर पाळत ठेवून बसले. धुके ओसरले की त्या वर येत, तिळाच्या गजकाचा डबा आम्हा दोघींच्या मध्ये ठेवत आणि ओठांतल्या ओठांत चालू करत: “बाहेरचा, आतला. बाहेरचा, आतला.” शेवटी त्यांनी काठाचे टाके बंद केले, मोजा माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, “ओढ.” मी ओढला. एका मोज्यातून दुसरा मोजा, आतली बाजू बाहेर करून, मऊपणे माझ्या हातात आला. माझा कयास खोटा ठरला, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

एरवी त्या जोडी कोणाला सुटी करून देत नसत. दोन थरांमधून बोट फिरवून खात्री करत, मोजे एकात एकच ठेवत आणि काठापाशी एक टाका मुद्दाम दोन्हींमधून घेत. त्याला त्या ‘कुलूप’ म्हणत. ज्याचे पाय, त्यानेच तो टाका कापायचा. “कुलूप तुटलेलं दिसलं तर घ्यायचे नाहीत. म्हणजे वाटेत कोणीतरी घालून पाहिलेत.”

संशयाचा हा सगळा कारभार असा आनंदात चालला होता. मग वस्तू हरवू लागल्या.

आधी चष्म्याचे घर, मग कपाटाची किल्ली, मग सांडशी. दूधवाल्यावर आळ आला. त्याला त्यांनी दारापासून चार पावले लांब उभे केले. मग भांडी घासणाऱ्या बाईवर. तिने काम सोडले. एका संध्याकाळी मी चहाला गेले, तर दार अर्धेच उघडले.

“काल तू आली होतीस. माझी सांडशी कुठाय?”

“आत्या, मी सांडशी कशाला नेईन?”

“ते तुलाच ठाऊक.”

दार बंद झाले. जिन्यात उभी राहून मी बराच वेळ विचार करत होते. दुखावले होतेच, पण माझ्या मनाला टोचत होती ती दुसरी गोष्ट. त्यांनी मला ‘कशावरून?’ विचारले नव्हते. आजवर त्यांचा प्रत्येक संशय हा प्रश्न असे, आणि समोरून उत्तर येईपर्यंत चष्मा खाली ओढून त्या थांबत. आता प्रश्नच उरला नव्हता. थेट निकाल येत होता. अहवाल अडवणाऱ्या माणसाला असा बदल दिसतो. मी तो आईला सांगितला. आई म्हणाली, “वय झालंय गं त्यांचं.” मला ते उत्तर पुरले नाही.

नंतर एका दुपारी जिन्यात धूर आला. गॅसवर दुधाचे पातेले जळून कोळसा झाले होते आणि आत्या पलंगावर बसून सुया शोधत होत्या. सुया त्यांच्या अंबाड्यात खोचलेल्या होत्या. बाबांनी भाच्याला फोन केला.

भाचा आला तो रजा टाकूनच. चाळिशीचा, अंगाने जाड, स्वभावाने हळवा. त्याने डॉक्टरांकडे नेण्याची गोष्ट काढली. आत्या म्हणाल्या, “डॉक्टर तुझ्या ओळखीचा असणार.” त्याने इंदूरला चलण्याचे म्हटले.

“तुझा या घरावर डोळा आहे.”

“आत्या, घर भाड्याचं आहे. भाड्याच्या घरावर कोण डोळा ठेवतं?”

“म्हणूनच कोणाला संशय येणार नाही.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. त्याला हसावे की रडावे कळत नव्हते, आणि मलाही.

तोडगा आत्यांनीच काढला. त्या एक जोडी विणतील. मधे बोट घालून तपासणार नाहीत, कारण ते परीक्षेत पुस्तक उघडण्यासारखे. मोजे सुटे झाले, तर त्यांचे डोके ठिकाणावर आहे. त्या दौलतगंजातच राहतील आणि भाच्याने पुन्हा विषय काढायचा नाही. अडकले, तर त्या इंदूरला जातील. निकाल मी द्यायचा.

“हिच्यावरच संशय आहे ना तुझा?” भाच्याने विचारले.

“आहेच. पण ही लोकांचे रिपोर्ट अडवते. हिला दया येत नाही.”

माझ्या कामाबद्दल एवढी नेमकी शिफारस मला आजवर कोणी दिलेली नाही.

भाचा त्यांच्याकडेच राहिला आणि रजा संपली तशी तिथून फोनवर आपले काम करू लागला. आत्या गच्चीत विणत. मी आता समोर बसत नसे. पंचाने बसू नये, असा त्यांचा हुकूम होता. पण कपडे वाळत घालताना आवाज ऐकू येई: बाहेरचा, आतला. कधी मधेच तो थांबे, आणि मी ओला टॉवेल हातात धरून उभी राही, तो पुन्हा सुरू होईपर्यंत. एकदा भाचा जिन्यात भेटला. “मी राक्षस नाही हो,” तो म्हणाला. “सुटे झाले तर मला आनंदच होईल. पण मग गॅसचं काय?” प्रयोगाच्या निकालाची एवढी धास्ती मला कधी वाटली नव्हती, कारण दोन्ही निकाल मला नको होते.

रविवारी सकाळी, धुके पुरते विरायच्या आत, आत्यांनी काठ पूर्ण केला. गच्चीवर आम्ही तिघेच. त्यांनी मोजा माझ्या मांडीवर ठेवला. “मी ओढला तर म्हणाल, म्हातारीने हातचलाखी केली.”

मी आतल्या मोज्याचा काठ धरला आणि ओढू लागले. तो आला. घोट्यापर्यंत सहज आला. मग थांबला. मी थोडा जोर लावला, बाहेरचा मोजाही सोबत वर ओढला गेला. बोटांना ती जागा लागली: टाचेच्या वळणावर, एकच टाका.

भाच्याने माझे हात थांबलेले पाहिले. तो घाईने म्हणाला, “कुलूप असेल! आत्या, सवयीने कुलूप घातलं असशील तू. हो ना?” आणि त्याने माझ्याकडे पाहिले. ज्याला त्यांना न्यायचे होते, तोच आता त्यांना हरू देत नव्हता. कात्री टोपलीतच होती. एक टाका कापला की दोन्ही मोजे सुटे होणार होते.

“असेलही,” मी म्हणाले.

आत्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली ओढला.

“पण कशावरून?”

कित्येक महिन्यांनी मी तो प्रश्न ऐकत होते. त्यांनी मोजा माझ्याकडून घेतला, टाच उलटून पाहिली, अंगठ्याने टाका चाचपला.

“कुलूप काठावर असतं. हे टाचेत आहे. टाचेत कोणी कुलूप लावतं का? ज्याचे पाय, त्याला ते सापडायचं कसं?” मग आम्हा दोघांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिले. “तुम्हाला दोघांना कळलं होतं. मिळालेले आहात तुम्ही.”

खाली गल्लीत एक टेम्पो हॉर्न वाजवत उभा होता.

“चल रे,” त्या भाच्याला म्हणाल्या. “इंदूरची गाडी कधी असते? आणि तू सांगशील त्यावर मी विश्वास नाही ठेवणार. स्टेशनवर विचारू.”

जाण्याच्या दिवशी दूधवाला निरोपाला आला. आत्यांनी त्याला नेहमीप्रमाणे दुधाचा घोट प्यायला लावला आणि मग, त्याने पेला खाली ठेवल्यावर, उरलेले दूध त्याच्याच बरणीत परत ओतले. “आता घरी चहात घाल,” त्या म्हणाल्या. तो रडत जिना उतरला. अडकलेले मोजे त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवले. मी मागितले, तर म्हणाल्या, “पुरावा दुसऱ्याच्या हाती देत नसतात.”

या गोष्टीला आता वर्ष होत आले. संशोधनासाठी परदेशी जाण्याची माझी खटपट सुरू आहे, हे आत्यांना भाच्याकडून कळले असावे. मागच्या आठवड्यात इंदूरहून पुडके आले. आत मोजा होता. मी लगेच मधे बोट घालून पाहिले. बोट सरळ तळाला लागले. आत काही नव्हते. काठावर कुलूप नव्हते. साध्या रीतीने विणलेला, एकटा मोजा.

मी फोन केला. भाच्याने तो आत्यांना दिला.

“आत्या, एकच पाठवलात?”

“दुसरा करून राहिलेय. भरवसा ठेव.”

“पण कशावरून?” सवयीने माझ्या तोंडून निघाले.

मग त्या म्हणाल्या, “मी बोलली ना.” आणि फोन ठेवला.

मी दोन शक्यता मांडून पाहते. एक अशी, की आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्या मोज्यावर विश्वास ठेवला आहे. दुसरी अशी, की मोजे दोन लागतात, हेच आता त्यांच्या ध्यानात राहिलेले नाही, आणि फोनवर जे बोलल्या ते फोनपुरतेच होते. दोन्ही शक्यता हाती असलेल्या पुराव्याशी जुळतात. निर्णय फक्त दुसरा मोजा करू शकतो, आणि तो अजून आलेला नाही.

इकडे थंडी वाढली आहे. सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. तरी तो मोजा मी घातलेला नाही. घातला, तर दुसऱ्या पायात दुसरे काहीतरी घालावे लागेल.

जिन्यात पावले वाजली की मी दार उघडून पाहते.