आबांचा उजवा पाय

माझे वडील, आमचे आबा, ब्राह्मणपुरीत केळी लावतात. शेत घरापासून लांब नाही, पण मध्यंतरी त्यांना तिथं पोहोचायला फार वेळ लागू लागला. वाटेत कुणाच्याही बांधावर थांबायचे, घडांकडे बघत राहायचे, मग पुढे निघायचे. एका शेजाऱ्यानं तर आईकडे तक्रारच केली, "तुमना मानूस मन्ही केळीले नजर लावस."

मी शहाद्याला शाळेत शिकवते. सुट्टीत घरी आले आणि एकदा त्यांच्यासोबत शेताकडे निघाले. थोडं चाललं की ते पोटरी दाबून उभे राहायचे.

"आबा, पाय दुखस का?"

"नई वं. केळी देखी ऱ्हायनू."

घरी चप्पल काढायला लावली. पाऊल गार, करंगळी काळी पडलेली. चप्पल लागली असेल म्हणून आई रोज हळद भरत होती.

शहाद्याच्या डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. सापडली नाही. त्यांनी लगेच सुरतेला पाठवलं. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या सर्जननी तपासण्या करून सांगितलं, बिडीमुळे मांडीतली धमनी बंद झालीय. "आता माणसाचं हृदयसुद्धा बदलता येतं, काका. पण पाय मेला तर कापावाच लागतो. लोक आमच्याकडे फार उशिरा येतात."

त्याच पायातली एक शीर काढून त्यांनी बंद धमनीला वळसा देऊन जोडली. करंगळी गेली, पाय राहिला. दुसऱ्या दिवशी नर्सनं पावलावर एक छोटं यंत्र टेकवलं आणि खोलीत फस्स फस्स आवाज घुमला. आई दचकली.

"रक्त वाहतंय, मावशी," नर्स हसली. आईनं त्या पावलालाच हात जोडले.

जोडलेली शीरही बंद पडू शकते, बिडी ओढली तर लवकरच, आणि तळलेलंही बंद, असं बजावून त्यांनी घरी सोडलं. बिडी सुटेपर्यंतचे दिवस आम्हा सगळ्यांनाच जड गेले. आबा ताटावरून उठायचे, बैलावर ओरडायचे, मग भाजलेल्या शेंगा चघळत ओट्यावर बसायचे. पण सुटली.

आता ते न थांबता शेतात जातात आणि बिडी ओढणारा कुणी भेटला की आधी त्याचे पाय बघतात. मागच्या आठवड्यात माझ्या मामांना बळजबरीनं डॉक्टरकडे नेलं. मामांचे दोन्ही पाय ठणठणीत निघाले. आबा जरा हिरमुसले. मग दोघांनी स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि आईला सांगायचं नाही असं ठरवून मुकाट्यानं घरी आले.