जाईच्या हळदीत सगुणाबाय उठली

सगुणाबायचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, आणि हीच तिची खरी पंचाईत होती. साखर वाढली असती, मणका सरकला असता, तर शिरवण्यातल्या चार बायका फळं घेऊन भेटायला तरी आल्या असत्या. हिचं नुसतंच दुखायचं. आज मान, उद्या मांड्या, आणि रोज सकाळी कुणी बदडून काढल्यासारखं अंग. शेवटी एका डॉक्टरने फायब्रोमायल्जिया असं नाव सांगितलं आणि व्यायामाला पाठवलं.

व्यायाम म्हटल्यावर घरच्यांनी नाव मनावर घेणं सोडून दिलं. ज्याला व्यायामाने फरक पडतो तो कसला आजार? धाकटी जाऊ सुचिता तर मालिशवालीलाच घेऊन आली. "दाबल्याबिगर उतरत नाय, बाय," ती म्हणाली. त्या बाईने असं काही दाबलं, की पुढचे दोन दिवस सगुणाबायला केसात फणी घालता आली नाही. यावर सुचिताचं म्हणणं, "तू मनाला लावून घेतंस."

नेरूळच्या फिजिओथेरपिस्ट शुभदा मॅडमचं तंत्र याच्या अगदी उलट. सकाळी गरम पाण्याची पिशवी, मग हात सावकाश फिरवायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. आठवड्यातून दोनदा कोमट पाण्याच्या तलावात नुसतं चालायचं. पोरवयात खाडीच्या चिखलात उभं राहून ज्या बाईने हाताने निसरड्या निवट्या मासळ्या धरल्या, तिने आता कठड्याला धरून पाण्यात फेऱ्या मारायच्या. सगुणाबायला स्वतःचाच राग यायचा.

पण सगळ्यात जड गेली ती निराळीच गोष्ट. "बरं वाटेल त्या दिवशीही तेवढंच करायचं," मॅडम बजावायच्या. "थकायच्या आधी थांबायचं." हे कुठलं शास्त्र? अंग हलकं वाटलं, की सगुणाबाय तांदळाचं पीठ दळून आणायची, भाडेकरूंच्या पाण्याची टाकी घासायची, सुकटीचे डबे उन्हात घालायची. राहिलेलं सगळं एका दिवसात उरकायचं, आणि मग आठवडाभर अंथरूण धरायचं. दम असताना थांबणाऱ्या बाईला त्यांच्या घरात आळशी म्हणत.

कुरकुरत का होईना, तिने ऐकलं. दुखणं गेलं नाही, पण झोप लागायला लागली. फणी वर जायला लागली. आणि तेवढ्यात सुचिताच्या मुलीचं, जाईचं लग्न ठरलं.

सगुणाबाय धवलारीण होती. लग्नाचे धवले गायला गल्लीत तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. हळदीला धवलारीण पाटावर बसली, की विधी संपेपर्यंत उठत नाही, ही रीत. मुलाच्या, रूपेशच्या हळदीत ती अशीच शेवटपर्यंत बसली होती. दुसऱ्या दिवशी खाली मांडवात त्याच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि ही वरच्या खोलीत पडून बॅन्जो ऐकत होती. सून घरात आली ती हिच्या ओवाळण्याशिवाय. पाहुण्यांत कुजबूज, की सासू रुसली. जाईला तिने अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिचं लग्न उभं राहून डोळ्यांनी बघायचं, एवढंच सगुणाबायला हवं होतं.

हळदीच्या संध्याकाळी नेमकं अंग हलकं होतं. "आज कशी झ्याक दिसतंस," सुचिता म्हणाली. "शेवटपरेन बसशील ना?"

सगुणाबायने पहिला धवला गायला. दुसराही गायला. गळा तापला होता, बायका मागून सूर ओढत होत्या, आणखी चार सहज झाले असते. नेमकी इथेच ती रूपेशच्या वेळी फसली होती. ती पाटावरून उठली.

"बाय, बस गो," सुचिता दात आवळून म्हणाली. "धवला तुटेल."

"तू बस. बसून गायाचाच तर हाय. त्यात काय दुखतंय?"

हे सुचिताचंच वाक्य होतं, पाच वर्षं ऐकवलेलं. ती तणतणत पाटावर बसली. पहिली ओळ आली, दुसरीला अडकली. मांडवाच्या कडेने हात फिरवत चालणाऱ्या सगुणाबायने तिथूनच ओळ पुरवली. संपूर्ण हळद अशीच पार पडली. एक पाटावर अडकतेय, दुसरी फेऱ्या मारत शब्द टाकतेय, आणि जाई हळदीच्या तोंडाने हसू दाबतेय. डीजेवाला तर वैतागून खुर्चीतच झोपला.

सकाळी सगुणाबाय उठली. दुखत होतं, पण रोजच्याइतकंच. तिने पिशवीत गरम पाणी भरलं, ती मानेशी धरली आणि खाली आली. सुचिता भिंतीला टेकून कंबर धरून बसली होती.

"बाय," ती कण्हत म्हणाली, "नुसता बसून गायला तरी येवढा दुखतंय?"

पाच वर्षं सगुणाबाय या वाक्याची वाट बघत होती. आता आनंद व्हायला हवा होता, पण तिचं डोकंच फिरलं. एवढे डॉक्टर, एवढ्या चकरा, आणि हिला कळायला स्वतःची कंबर लागली.

"मंग मी इतकी वर्सा काय सांगत होतू?"

सुचिताने पिशवीसाठी हात पुढे केला. सगुणाबायने पिशवी मानेवरच ठेवली.

"दुसरी भरून घे," ती म्हणाली. "मना जाईच्या लग्नाला उभा रायचा हाय."