आपले मत नोंदवा

माघ उतरू लागला की आमच्या वर्गात धूर येतो. शहापूरच्या आसपासच्या खाचरांत त्या सुमारास राब भाजतात. पुढच्या पावसाळ्यात जिथे भाताचं रोप पेरायचं, तिथे पालापाचोळा, शेण आणि गवत यांचे थर अंथरून ती जमीन आधी जाळून घेतात. तो निळसर, किंचित गोड, घशाशी खवखवणारा वास दुपारच्या वाऱ्याबरोबर खिडकीतून आत येतो आणि वसाहतवादाच्या प्रकरणावर पसरून बसतो. बारावीच्या परीक्षेचा काळही नेमका हाच. त्यामुळे माझ्या नाकात राबाचा धूर आणि मुलांची धास्ती कायमची मिसळून गेली आहे, आणि कुठेही पाला जळताना दिसला तरी मला उगाच वाटतं की आपला अभ्यासक्रम अजून पुरा व्हायचा आहे.

मी इतिहास शिकवते असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर या दिवसांत मी शिकवते ती उत्तरं लिहिण्याची रीत. प्रस्तावना, पार्श्वभूमी, कारणे, परिणाम, समारोप. साम्राज्य कुठलंही असो, माझ्या वर्गात ते प्रस्तावनेत उदयाला येतं, परिणामांपर्यंत कसंबसं तग धरतं आणि समारोपात कोसळतं. महत्त्वाच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, म्हणजे थकलेल्या परीक्षकाची नजर तिथे अडखळते. यात विद्वत्ता फारशी नाही. पण ज्यांच्या घरात छापील कागद बहुधा वाण्याच्या पुडीबरोबरच येतो, त्या मुलांना पानभर लिहिण्याचं बळ या पाच शब्दांनी दिलेलं मी पाहिलं आहे, म्हणून मी त्या शब्दांची थट्टा मनातल्या मनातच करते.

थट्टा आवरत नाही ती एका प्रश्नाची. ‘आपले मत नोंदवा.’ हे मत बाजारातल्या गाईडमध्ये तयार मिळतं, आणि बहुतेक मुलं एकच गाईड घेत असल्यामुळे मुरबाडपासून खर्डीपर्यंत ब्रिटिशांच्या धोरणांविषयी विलक्षण एकमत आहे. एवढं एकमत आमच्याकडे पाण्याच्या टाकीच्या जागेवरसुद्धा कधी झालेलं नाही.

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी मी रविवारी वर्ग घेते. यंदा त्यात यमुनाताई होत्या. खर्डीच्या पलीकडे डोंगरात त्यांचा पाडा आहे, आणि तिथल्या अंगणवाडीत त्या मदतनीस आहेत. पोरांना घरोघरून गोळा करायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. सेविकाबाई या उन्हाळ्यात निवृत्त होणार. यमुनाताई बारावी झाल्या तर ती जागा त्यांना मिळेल, नाहीतर खालच्या गावातली कुणीतरी येईल, जिला पाड्याची बोली समजत नाही. आणि तीन-चार वर्षांची ती पोरं तहान लागली तरी त्याच बोलीत रडतात. गेल्या वर्षी त्यांचे बाकी विषय सुटले, इतिहास तेवढा राहिला.

तो का राहिला, हे मला सराव परीक्षेत कळलं. घटना, सनावळ्या, टिपा, सगळं ठीक. फक्त जिथे जिथे मत विचारलं होतं, तिथे प्रश्नाचा क्रमांक घालून त्यांनी खाली मोकळी जागा सोडली होती. जागा मात्र व्यवस्थित, उत्तर मावेल एवढी.

“येत नव्हतं का?” मी विचारलं.

“येतं ना. पाठ हाय.” आणि भारतातल्या रेल्वेविषयीचं गाईडमधलं मत त्यांनी एका श्वासात, स्वल्पविरामांसकट म्हणून दाखवलं.

“मग लिहिलं का नाही?”

“मी तिथं नव्हती ना, मॅडम.”

मला आधी ती मस्करी वाटली. पण त्यांच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती. पाड्यावर भांडणतंटा झाला की जाणती माणसं बसतात, आणि बोलायला उठणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच असतो, तू तिथं होतास का? नसलेल्याने कडेला बसून ऐकावं. तोंड उघडायचं नाही. ऐकीव गोष्टीवर मत देणारा माणूस आगीत तेल ओततो, अशी तिथली समजूत. यमुनाताईंनी हा नियम भांडणाला लावला होता तसाच प्लासीच्या लढाईलाही लावला होता.

“अगो मावशी,” शेजारची काजल म्हणाली. ती आसनगावात मोबाइलच्या दुकानात काम करते आणि तीही दुसऱ्यांदा बसत होती. “तुला काय कोर्टात साक्षीला बोलावलंय? गाईडमधलं उतरव नि मोकळी हो.”

“तू उतरवतेस ना गो गाईडमधलं? मग माझ्या बाजूला कशाला बसलीस?”

वर्ग हसला, काजलही हसली. मी मात्र हसण्याच्या भरात बोलायला उभी राहिले, आणि शिक्षकदिनाच्या भाषणाचा सूर लागला की जे होतं ते झालं. मी म्हटलं, तिथे होते ते कधीच गेले. त्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी आपल्या सोयीचं लिहिलं. आता जे नव्हते त्यांनीही तोंड उघडलं नाही, तर झालेलं सगळं न झाल्यासारखंच राहील. वाक्य मला बरं वाटलं. यमुनाताई मान खाली घालून पेनाचं टोपण घालत-काढत राहिल्या.

वर्ग सुटल्यावर यमुनाताई आणि मी रिक्षाथांब्याकडे निघालो. रस्त्याकडेचा पळस पानं टाकून नुसत्या केशरी फुलांनी पेटला होता, आणि खाली पडलेली फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून की काय, त्या सड्याला वळसा घालून चालत होत्या. चालता चालता, माझ्याकडे न पाहता, त्यांनी सांगायला सुरुवात केली.

गेल्या श्रावणात त्यांच्या धाकट्या जावेला पहाटे कळा सुरू झाल्या. पाड्याला रस्ता नाही. यमुनाताईंच्या नवऱ्याने आणि दिराने गोधडीची झोळी बांबूला बांधली, तिला त्यात निजवलं आणि उतरायला लागले. खाली ओढा भरून वाहत होता. पाणी ओसरेल म्हणून ते काठावर बसून राहिले. पाणी ओसरायच्या आत ती गेली, आणि तिच्याबरोबर पोटातलं मूलही. यमुनाताई त्या दिवशी शहापूरला प्रशिक्षणाला आल्या होत्या. परतल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढे चौकशीला एक साहेब आले. त्यांनी पुरुषांना विचारलं. जे तिथे होते ते जमिनीकडे बघत उभे राहिले. पॅन्ट-शर्टातल्या अनोळखी माणसासमोर त्यांना शब्द फुटेना. मग साहेब यमुनाताईंकडे वळले, तुम्ही अंगणवाडीतल्या ना, तुम्ही सांगा. सगळ्या पाड्यात साहेबांशी बोलण्याची सवय असलेल्या त्या एकट्याच.

“मी सांगितलं, मी तिथं नव्हती.” त्या थांबल्या. “मग साहेबच बोलला, म्हंजे तुमी लोक उशिरा निघालात. कोनी काय बोललं नाय. तो गेला.”

रिक्षा येताना दिसत होती. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“मी तेवा बोलाया पायजे होतं का, मॅडम?”

हो म्हणावं, तर एका घराच्या दुःखावर मी आणखी एक धोंडा ठेवणार होते. नाही म्हणावं, तर तासाभरापूर्वी वर्गात जे बोलले ते नुसती टाळ्यांची वाक्यं होती. असंख्य पिढ्यांच्या बऱ्यावाईटावर ज्या सहजतेने मी मुलांकडून मतं लिहून घेत आले, त्या सहजतेचा त्या थांब्यावर मागमूसही उरला नाही. शेवटी मी एवढंच विचारलं, की त्या दिवशी काय काय झालं हे त्यांनी घरात कधी विचारलं आहे का.

“नाय. त्या दिवसाचं कोनी काढत नाय.”

रिक्षा आली आणि त्या गेल्या.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. “राब भाजाया असंल मावशी,” काजल म्हणाली. पण मला वाटत राहिलं की एका बाईला तिच्या परीक्षेपासून आपणच दूर लोटलं आहे. सेविकेची जागा, खालच्या गावातली ती कुणीतरी, तिच्यासमोर आपल्या बोलीत पाणी मागणारी पोरं, हे सगळं दिवसभर डोक्यात फिरे. प्रस्तावनेपासून समारोपापर्यंतच्या माझ्या सगळ्या रीतीत, गेलेल्या माणसाला परत बोलावण्याची रीत कुठेच नव्हती.

इतिहासाच्या पेपरला त्या आल्या. मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते. त्यांच्या पोलक्याला घामाचे डाग, हातात पाण्याची बाटली आणि बोटांच्या पेरांत धुऊनही न निघालेली काजळी. पेपर सुटल्यावर काजल आधी बाहेर आली, पाठोपाठ त्या.

“मॅडम, रेल्वे आली होती,” काजल म्हणाली. “रेल्वेचा फायदा कोनाला झाला, मत नोंदवा. मावशीनी काय लिवलंय इचारा. गेले तिचे तीन मार्क!”

यमुनाताईंनी लिहिलेलं सांगितलं, अगदी सावकाश, जणू ते पुन्हा कागदावर उतरवत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, मी तिथे नव्हते. रूळ घालणारे तिथे होते. आमच्या डोंगरातून रूळ गेले तेव्हा इथलीही माणसं कामाला असतील. त्यांना कोणी विचारलं का, ते पुस्तकात दिलेलं नाही. म्हणून माझं मत अर्धं आहे. आणि त्यापुढे, त्या अर्ध्या मतात, गाईडमधले कच्चा माल, सैन्याची ने-आण, लोकांचं एकत्र येणं वगैरे मुद्दे ओळीने होते.

“आनि घरी इच्यारलं,” त्या हळूच म्हणाल्या, काजल पुढे गेल्यावर. “दिराला. आधी बोलला नाय. मग राब पेटवला, आग लागली, तेवा बोलला. तोंड तिकडं करून.”

“सगळं सांगितलं?”

“सगळं. अंधारात निघाले होते ते. पानी कुठवर होतं, बांबू कोनाच्या खांद्याला होता, ती काय बोलली.”

“काय बोलली?”

त्यांनी मान हलवली. “ते तुमाला नाय सांगनार. आता मीच जानार हाय त्या साहेबाकडं, त्याला सांगीन. मी तिथं नव्हती, पन मी इच्यारलंय.”

मग पदराने कपाळ पुसून त्या काजलच्या मागोमाग रिक्षाकडे गेल्या.

निकाल अजून लागायचा आहे. त्यांचा पेपर कुठल्यातरी गावी, कुठल्यातरी टेबलावर, एखाद्या गठ्ठ्यात असेल, आणि शेजारी नमुना उत्तर उघडं असेल. नमुना उत्तरात अर्ध्या मताला जागा नसते. अर्ध्या गुणाची सोय मात्र असते, तेवढाच काय तो आधार. माझ्याही टेबलावर सध्या अनोळखी मुलांचा असाच एक गठ्ठा आहे. बाहेर चैत्राचं ऊन भिंतीवरून सरकत असतं आणि मी एकामागून एक तीच मतं वाचत असते, त्याच शब्दांत, त्याच रेघा ओढलेल्या. काल त्यात एक पान आलं. रेल्वेच्याच प्रश्नाखाली त्या मुलाने, की मुलीने, चार ओळी लिहून आडव्या रेघांनी खोडल्या होत्या, आणि खाली गाईडमधलं मत नीट उतरवलं होतं. खोडलेला मजकूर तपासायचा नसतो, असा नियम आहे. मी पेन खाली ठेवलं, ते पान खिडकीशी नेलं आणि उजेडावर धरलं.