आर्नी लाम्पीची ‘पाच मिनिटं’

आर्नी लाम्पीला आयुष्यातला पहिला पगार मिळाला तो माणसं बडवण्याचा. कॅनडातल्या थंडर बेच्या फिनिश वस्तीतली सगळीच पोरं चालायला लागली की बर्फावर हॉकी खेळायला लागत, तसा तोही लागला. पण त्याच्या पायांत वेग नव्हता आणि गोल करणं त्याला कधी जमलं नाही. प्रशिक्षकाने एकदा त्याचे हात पाहिले, नुसते पंजे नव्हेत, फावडीच होती, आणि त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तू त्या रबरी चकतीच्या मागे लागूच नकोस. आपल्या पोराला कुणी धक्का दिला, की त्याचं थोबाड फोड. बाकी आम्ही बघतो."

मग बारा-पंधरा वर्षं आर्नीने तेच केलं. सीमेपलीकडच्या अमेरिकन गावांत, कुणी नावही ऐकलं नसेल अशा संघांकडून तो खेळला. हातमोजे फेकायचे, डाव्या हाताने समोरच्याची जर्सी धरायची आणि उजव्याने हाणत राहायचं. पंच सोडवेपर्यंत एकाचं नाक तरी फुटलेलं असे. मारामारीची शिक्षा पाच मिनिटं. काचेच्या पेटीत जाऊन बसायचं, बर्फावर सांडलेलं रक्त कामगार खरवडून काढताना बघायचं, आणि वेळ संपली की पुन्हा उतरायचं.

सिनेमाचा नाद त्याला लागला तो संघाच्या बसमध्ये. पुढे एक छोटा टीव्ही होता. बाकीचे पत्ते खेळत नाहीतर झोपत. आर्नी सुजलेली बोटं बर्फाच्या पिशवीत खुपसून पडद्याकडे बघत बसे. मारामारी आली की मात्र त्याला राहवत नसे. "अरे, जबड्यावर बसली की माणूस असा मागे उडतो होय? गुडघ्यातून खाली बसतो तो! पोत्यासारखा!"

"गप ना रे, प्रोफेसर," मागून कुणीतरी ओरडे.

प्रेमाचा सिनेमा असला तर तो गप्प असायचा, पण डोळे पुसत असायचा. फुटलेल्या भुवईत खारं पाणी गेलं की झोंबतं, हे तो पुढे एका परीक्षणात लिहून गेला.

शेवटी एका रात्रीच्या सामन्यात त्याच्याहून दहा वर्षांनी लहान पोराने त्याच्या कानशिलावर असा ठोसा ठेवून दिला, की आर्नीला आठवडाभर स्वतःचा पत्ता सांगता येईना. डोकं उठायचं, उजेड सहन व्हायचा नाही. करार संपला. तो थंडर बेला परतला आणि थोरल्या बहिणीच्या, सिर्काच्या घरी मागच्या खोलीत राहू लागला. सिर्का एका फिनिश हॉटेलात पातळ पॅनकेक घालायची. आर्नीला गावच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवायची नोकरी मिळाली. उरलेल्या वेळात तो थिएटरात असायचा.

इंटरनेट घरोघरी पोचत होतं ते दिवस. सिर्काने घेतलेल्या कॉम्प्युटरवर त्याने आपली साइट सुरू केली आणि तिला नाव दिलं ‘पाच मिनिटं’. त्याची मोडून वाकडी जुळलेली बोटं कळफलकावर नीट पडत नसत. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत तो लिहायचा. पण लिहायचा ते धारदार. मार खाणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याने दाखवला की नाही, हे तो प्रत्येक सिनेमात आधी बघायचा. ‘मारणाऱ्याकडे बघत राहणारा कॅमेरा भित्रा असतो,’ असं त्याने पहिल्याच महिन्यात लिहिलं. एका बड्या सिनेमाबद्दल लिहिलं, ‘नायकाने इतक्या लोकांना ठोसे मारले आणि शेवटी त्याच हाताने नायिकेच्या केसांत फूल खोवलं. त्या हाताची मूठ दोन दिवस उघडायला नको होती.’

आधी जुने खेळाडू वाचत. पुढच्या काही वर्षांत टेक्सासातून, नॉर्वेतून कोण कोण वाचायला लागलं. शिव्याही भरपूर यायच्या. एकाने लिहिलं, ‘समोर ये, दात घशात घालतो.’ आर्नीने उत्तर दिलं, ‘खालचे पुढचे आधीच गेलेत. वरून सुरुवात कर.’

ब्रेंट होलोवाटी त्याच गावचा. सव्विशीतला उमदा, बडबड्या पोरगा. वडील नव्हते. आई डोरीन शाळेची बस चालवायची. सिनेमा काढायचं त्याच्या डोक्यात बसलं आणि त्याने ‘उत्तरेचा ठोसा’ नावाचा हॉकीतल्या मारामाऱ्यांचा सिनेमा काढला. लिहिला त्याने, दिग्दर्शन त्याचं आणि नायकही तोच. अर्धं गाव प्रेक्षकांच्या गर्दीत बसायला फुकट आलं होतं. सिर्काही बसली होती, लाल टोपी घालून.

पहिल्या खेळाला गाव लोटलं. सिनेमा संपला तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. आर्नी एकटा बसून राहिला. सिर्काने त्याला कोपर मारलं. "ऊठ की! मी दिसले ना दोनदा!"

"तू छान दिसलीस," तो म्हणाला, आणि उठला नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षण आलं. ‘ब्रेंट होलोवाटीने लाल रंग पिंपभर आणला, पण रक्त आणायला विसरला. त्याचा नायक ज्यांना मारतो त्यांना नावं नाहीत. ते पडतात, उठतात आणि विनोद करतात. जबडा तारांनी बांधलेला माणूस नळीने सूप कसं ओढतो, हे या पोराला माहीत नाही. माहीत नसणं हा गुन्हा नव्हे. पण माहीत नसताना तो हसतोय.’

टोरांटोची एक कंपनी तो सिनेमा विकत घेणार होती. त्यांनी हात आखडता घेतला आणि कारण म्हणून याच ओळी ब्रेंटला पाठवल्या.

मग गाव उलटलं. आर्नीच्या गाडीचे टायर फाडले गेले. रिंकवर त्याच्या यंत्राच्या सीटवर कुणीतरी मेलेला उंदीर ठेवला. एका सकाळी सिर्का कॉफी करत असताना खिडकीतून वीट आली. काचा पिठात, लोण्यात, तिच्या केसांत. तिच्या कपाळातून रक्त वाहायला लागलं तसं आर्नीने टॉवेल दाबून धरला.

"एक ओळ बदल रे," ती म्हणाली. "‘बरा आहे’ एवढंच लिही. त्याने मरतंय का कुणी?"

"बरा नाहीये तो, सिर्का."

"मग काच तू बसव. आणि हे कपाळपण तूच शिव."

काच त्याने बसवली. ओळ बदलली नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारचा खेळ बघून आर्नी थिएटराबाहेर आला. पार्किंगमध्ये बर्फ वितळून पुन्हा गोठलेला. ब्रेंट त्याच्या गाडीला टेकून उभा होता. हातात हॉकीची काठी. दारूचा वास लांबूनच येत होता. खेळातून बाहेर पडलेले लोक थबकले.

"काय रे म्हाताऱ्या, खरा मार बघायचाय ना तुला?" ब्रेंट ओरडला. "चार वर्षं घातली मी त्या पिक्चरमध्ये! चार! आणि तू तिथं ढुंगण टेकून बसून एका दिवसात वाट लावलीस!"

"घरी जा, ब्रेंट. उद्या बोलू."

"उद्या कशाला? आत्ता लिही की!" आणि काठी सप्‌कन आली. आर्नीने उजवा हात आडवा घातला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज लोकांनी ऐकला. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा कानावर. कानाची पाळी फाटून लोंबली. आर्नी गाडीला पाठ लावून उभा राहिला. हात उचलला नाही.

"बास," तो म्हणाला. "तुझं झालं. आता जा."

ब्रेंट हसला आणि त्याने काठी दोन्ही हातांनी डोक्यावरून उगारली.

पुढचं आर्नीने ठरवून केलं नाही. मोडक्या उजव्या हाताने त्याने ब्रेंटच्या जाकिटाची कॉलर पकडली, कशी पकडली त्याचं त्यालाच ठाऊक, आणि डावा ठोसा जबड्याखाली घातला. एकच. ब्रेंट मागे उडाला नाही. त्याचे डोळे आधी गेले, मग गुडघे. तो जागच्या जागी खाली बसला, कलंडला, आणि त्याचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. गोठलेल्या चिखलावर रक्त पसरलं. थंडीत त्यातून वाफ येत होती.

"अजून एक दे, आर्नी!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. एक जण फोन उंच धरून चित्रण करत होता.

आर्नी गुडघ्यांवर बसला होता. त्याने ब्रेंटला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून जीभ मोकळी केली, आपला कोट काढून त्याच्यावर टाकला. "अँब्युलन्स बोलवा रे!" तो किंचाळला. "बघताय काय, हरामखोरांनो!"

ब्रेंटची कवटी तडकली होती. डॉक्टरांनी ती उघडून साकळलेलं रक्त काढलं. कित्येक दिवस तो शुद्धीवर आला नाही. पोलिसांनी आर्नीचा जबाब घेतला, तो फोनवरचा व्हिडिओ पाहिला आणि स्वतःचा जीव वाचवण्यासाठी मारलं, असं म्हणून सोडून दिलं.

व्हिडिओला मात्र कोण सोडणार? तो जगभर फिरला. कुणी त्याला ढोलांचं संगीत लावलं, कुणी ठोसा पुन्हा पुन्हा सावकाश दाखवला. आधी महिन्याला जेवढे वाचक येत, तेवढे ‘पाच मिनिटं’वर आता तासाला यायला लागले, आणि साइट कोसळली. समीक्षक असावा तर असा, लोक लिहू लागले. एका निर्मात्याने फोन करून गुंडाची भूमिका देऊ केली. आर्नीने फोनची वायर भिंतीतून उपटली.

साइट पुन्हा उभी राहिली तेव्हा तिच्यावर एकच मजकूर होता. डाव्या हाताच्या एका बोटाने त्याने तो तीन दिवस टाइप केला होता. त्या व्हिडिओचं परीक्षण.

‘कॅमेरा चुकीच्या जागी आहे,’ त्याने लिहिलं होतं. ‘तो माझ्या पाठीमागून बघतो, म्हणून तुम्हाला माझा खांदा दिसतो आणि मी मोठा वाटतो. ब्रेंटचा चेहरा दिसत नाही. मला दिसला. ठोसा बसायच्या आधी तो घाबरला होता. काठी खाली आणायची की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. तुम्ही हा व्हिडिओ तो पडतो तिथे थांबवता. त्यापुढे त्याच्या घशातून जो आवाज येत होता तो ऐका. नंतर तुम्हाला संगीत लावावंसं वाटलं, तर मला कळवू नका. मी बरोबर मारलं. अजिबात चांगलं नव्हतं ते.’

खाली प्रतिक्रियांची जागा त्याने बंद करून टाकली.

ब्रेंट शुद्धीवर आल्याचं कळलं तेव्हा आर्नी इस्पितळात गेला. हातात प्लास्टर, कानाला टाके. खोलीबाहेर डोरीन उभी होती. तिने त्याला ओळखलं आणि त्याच्या तोंडात भडकावली. बस चालवणाऱ्या बाईचा हात. आर्नीचा ओठ फुटला. परिचारिका धावली तसं त्याने तिला हातानेच थांबवलं. डोरीनने आणखी एक दिली. मग ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "माझ्याच पोराने आधी काठी उचलली, ते दिसतं मला. आंधळी नाहीये मी. पण तू कशाला इतका जोरात मारलास रे?"

"मला हळू मारता येत नाही, डोरीन. कुणी शिकवलंच नाही."

ती दारातून बाजूला झाली. "जा आत. पण लवकर थकतो तो."

ब्रेंटचं डोकं भादरलेलं, एक डोळा अर्धा मिटलेला. शब्द एकेक करून येत होते. "लाम्पी. मनगट... मोडलं?"

"दोन ठिकाणी."

"चांगला... फटका होता?"

"फटका चांगला. उभं राहणं बेकार. पाय घसरत होते तुझे."

ब्रेंटच्या तोंडाची एक बाजू हसली. मग तो म्हणाला, "टोरांटोवाल्यांना... पिक्चर आता... हवाय. व्हिडिओमुळे. विकू?"

"पिक्चर तुझा आहे. विक. परीक्षण मी बदलणार नाही."

"नको बदलू." ब्रेंटने डोळे मिटले. "सूप... नळीने... प्यायलो मी. भिकारडं... असतं."

सिनेमा विकला गेला. व्हिडिओच्या गाजावाजावर थोडे दिवस चालला आणि मग लोक विसरले. ब्रेंट पुन्हा चालायला लागला, बोलणं मात्र कायमचं अडखळत राहिलं. पुढे तो गावच्या रेडिओ स्टेशनात कार्यक्रमांच्या ध्वनिफिती जोडायचं काम करू लागला. त्याने पुन्हा सिनेमा काढला नाही. आर्नीची आणि त्याची मैत्री वगैरे काही झाली नाही. दुकानात समोर आले, की दोघं मान हलवत आणि आपापल्या वाटेने जात. डोरीनने त्याच्याशी पुन्हा कधी शब्द काढला नाही. रिंकवर येणारी माणसं आर्नीची पाठ थोपटायला लागली, तसा तो उलट दचकून मूठ वळायचा. म्हणून त्याने ती नोकरीच सोडली आणि एका इमारतीच्या तळघरातल्या बॉयलरवर काम घेतलं.

त्याचं मनगट वाकडंच जुळलं. टाइप करणं संपलं. तेव्हापासून तो बोलायचा आणि सिर्का टाइप करायची. ती स्वतःची मतं घुसडते हे त्याला वाचकांच्या पत्रांवरून कळलं. एका सिनेमातल्या नायकाला त्याने ‘लाकडी’ म्हटलं होतं. साइटवर छापून आलं ‘देखणा, पण जरा लाकडी’.

"हे ‘देखणा’ कुणी म्हटलं?" आर्नी स्वयंपाकघरात येऊन ओरडला.

"मी म्हटलं. देखणा आहे तो," सिर्का पॅनकेक उलटत म्हणाली. "तू फक्त हात बघतोस लोकांचे. कधीतरी तोंडही बघत जा."

"पुसून टाक ते!"

"नाही पुसत. टायपिंग माझं, त्यात एक शब्द माझा. गरम आहे तोवर खा, आणि पुढचा परिच्छेद सांग. मला अकराला कामावर जायचंय."