अनुशबाईनं मागं टाकलेलं पाणी

गेल्या महिन्यात मी बिडकीनच्या बाजारातून मेथी घेऊन घरी आलो, तर नात अश्विनी ड्युटीवरून लवकर येऊन सोफ्यावर बसलेली. चपला पायातच. म्हणाली, "आजोबा, तातिक गेली." तातिक म्हणजे तिकडच्या भाषेत आजी. तिकडं म्हणजे आर्मेनियात, येरेवान शहरात. अश्विनी तिथं डॉक्टरकी शिकत होती तवा ज्या बाईच्या घरी भाड्यानं राहिली, ती अनुशबाई. झोपेतच गेली म्हणे. इथं संभाजीनगरात तिला ओळखणारं मी आणि नात सोडून कुणी नाय, तेव्हा तिच्यावर लिहायचं तर मलाच लिहावं लागणार. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. निजामावर पोलीस ॲक्शन झालं तवा रांगत होतो. पुढं शाळेत घातलं तर गुरुजी कमी आणि सुट्ट्या जास्त. अक्षर वाकडं आहे, ते छापणाऱ्यानं सरळ करावं. मजकूर मात्र आहे तसाच ठेवावा.

मी तिकडं फिरायला गेलो नव्हतो. पोरीला परत आणायला गेलो होतो. कन्नड तालुक्यातलं स्थळ आलं होतं, ऊसवाली घरंदाज माणसं, पोरगा इंजिनिअर. त्यांचं म्हणणं, लग्न याच वर्षी उरकू, शिक्षणाची दोन वर्षं राहिली तरी झालं तेवढं पुरे. माझ्या मुलाला पसंत, सुनेला पसंत, पण पोरगी फोनवर ऐकेना. मी म्हणालो, मी जातो, माझ्यापुढं ती बोलत नसती. तिनंच मागं हट्ट करून माझा पासपोर्ट काढून ठेवला होता, तो असा कामी आला.

तिथं पोचलो तर अनुशबाई जिन्याखाली उभी. काळा झगा, पांढरे केस, वय माझ्याएवढंच. तिनं सरळ माझ्या बॅगेला हात घातला. बाईमाणसाच्या हाती ओझं देणं मला जमत नाय, म्हणून मी सोडेना. तीही सोडेना. दोघांनी ओढाओढी करत ती बॅग वरच्या मजल्यावर नेली आणि नात मागून हसत आली. वर टेबलावर बोट ठेवायला जागा नव्हती. ताजे जर्दाळू, पनीरासारखं खारट चीज, हिरव्या पाल्याच्या जुड्या, पानकोबीच्या पानात गुंडाळलेली कडधान्यं आणि चादरीएवढी पातळ रोटी. आपल्याकडं नान-खलियाची नान तंदूरच्या भिंतीला चिकटवत्यात तशीच ती भाजत्यात, पण कागदासारखी. मी मांस सोडलेलं, ते नातीनं आधीच सांगून ठेवलं होतं. आता, ताटात काही टाकायचं नाय ही आमच्या घरची शिस्त. मी ताट पुसून साफ केलं. अनुशबाईच्या घरी ताट रिकामं म्हणजे पाहुणा उपाशी. तिनं वाढलं, मी संपवलं, तिनं पुन्हा वाढलं... शेवटी नात म्हणाली, "आजोबा, थोडं राहू द्या, नायतर दोघांपैकी एक जण आजारी पडंल." मी म्हणालो, "तिला म्हणावं, तू आधी थांब." कुणीच थांबलं नाय.

आठवडाभर असंच चाललं. मी कशाला आलोय ते पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. नात कपडे भरायला लागली. बाईला सगळं ठाऊक होतं, पण तिनं मला एका शब्दानं काही विचारलं नाय. कॉफी द्यायची, जर्दाळू फोडून बी काढून पुढं ठेवायची, बस. मला वाटलं, हिला काय घेणं-देणं नाय.

निघायच्या दिवशी आम्ही दोघं पायऱ्या उतरलो, टॅक्सी उभी होती. तेवढ्यात मागं धप्पकन पाणी पडलं. वळून बघतो तर अनुशबाई तांब्याएवढं भांडं पालथं करून दारात उभी. माझं डोकंच फिरलं. आमच्यात प्रेत उचललं की मागं पाणी टाकत्यात. जित्या माणसाच्या मागं? मी तिथूनच परत फिरलो आणि वर जाऊन खुर्चीत बसलो. असा अपशकुन झाल्यावर त्या दिवशी उंबरा ओलांडायचा नसतो.

"आजोबा, विमान हाय ते, एसटी नाय!"

"जाऊ दे विमान."

टॅक्सी गेली. विमानही गेलं. मग बाईनं सांगितलं की त्यांच्यात निघालेल्या माणसाच्या मागं पाणी टाकत्यात, पाण्यासारखं जावं आणि पाण्यासारखं परत यावं म्हणून. मी विचारलं, "माझ्यासाठी टाकलं का?" ती म्हणाली, "नाय. पोरीसाठी." आणि समोर खुर्ची ओढून बसली. "पाहुण्याशी भांडायचं नसतं म्हणून आठवडाभर गप्प होते. तुम्ही दाराबाहेर पडलात तवाच तुमचं पाहुणपण संपलं. परत येऊन बसला तो घरचा माणूस. आता भांडते." आणि भांडली, चांगली तासभर! मध्ये बसून नात एकीकडचं दुसरीकडं सांगत होती. स्वतःचीच वकिली आणि स्वतःच्याच विरोधातली, दोन्ही तिच्याच तोंडून. "बॅग सोडत नाय ते ठीक. पोरगी काय बॅग हाय?" असंही बोलली. मी म्हणालो, पोर आमची आहे. ती म्हणाली, "मग त्या लोकांना विचारा, तुमच्या पोरीसाठी दोन वर्षं थांबत्यात का."

मी तिथूनच कन्नडला फोन लावला. पोराचा बाप म्हणाला, "बाबा, तुम्हाला पोरीला आणायला पाठवलं का विचारायला?" मी रामराम केला आणि फोन ठेवला. मला असं बोललेलं चालत नाय. बाईच्या भांडणानं मी बदललो असं कुणी समजू नये. पण आलो एकटाच. या वेळी तिनं पाणी टाकलं तवा मी थांबलो नाय, धोतराच्या काठावर शिंतोडे घेऊनच टॅक्सीत बसलो. घरी मुलगा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाय. अश्विनीनं शिक्षण पुरं केलं, आता इथंच सरकारी दवाखान्यात आहे.

दफन झालं त्या दिवशी तिकडून बाईच्या मुलानं व्हिडिओ फोन लावला. टेबल भरलेलं, माणसं बसलेली. त्यांच्यात गेलेल्याबद्दल प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे असतात आणि पाहुणा दूर आहे म्हणून त्याला सुटका नाय. सगळे माझ्याकडं बघत थांबले. मी म्हणालो, "बाईनं मला भांडून खाऊ घातलं." नातीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बराच वेळ सांगत होती. तिकडं आधी हसले, मग एकेक जण उभं राहिलं, एका म्हातारीनं रुमाल डोळ्याला लावला...

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "मी तर एवढंसंच बोललो. तू काय काय सांगितलंस?"

अश्विनी म्हणाली, "तुम्ही नाय बोललात ते."

ते काय होतं, मी विचारलं नाय.